शुक्रवारची सोडत

सुनेचं कौतुक सासूने करू नये, केलं की ती डोक्यावर बसते, असं माझी सासू म्हणायची. तिने माझं कधी केलं नाही, तरी मी बसायची तिथे बसलेच. तेव्हा आमच्या सूनबाईबद्दल आता जे सांगणार आहे ते कौतुक समजू नका, तक्रार समजा. त्यात कुणाला कौतुक ऐकू आलं तर तो ज्याच्या त्याच्या कानांचा दोष.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो. पुढे काउंटर, तिथे मी. माझ्यामागे लांब टेबल, त्यावर जाड कापड अंथरलेलं, आणि टेबलामागे इस्त्री घेऊन आमचे हे. अगदी मागे धुण्याचं मशीन, दोन टब आणि वाळत घालायच्या दोऱ्या. कपडे घेणं, बघणं आणि त्यांच्यावर खूण घालणं हे माझं काम. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली, कुणाचा अर्धा गोल. कॉलरच्या आत नाहीतर पट्ट्याच्या आत बारीक काढायची, म्हणजे गावभरचे पांढरे शर्ट एका पाण्यात पडले तरी कुणाचा कुठला ते मला लगेच कळतं. आमच्या स्वतःच्या घराची खूण म्हणजे त्रिकोणात टिंब. शाई अशी की कपडा विरेल पण ती जायची नाही.

मुलगा ट्रक चालवतो. महिन्यातले निम्मे दिवस तो रस्त्यावर. म्हणून मी म्हणत होते, बाबा रे, दुकानात हातभार लावील अशी बायको कर. त्याने केली शाळेतली बाई. मला इस्त्री धरणारी हवी होती, याने खडू धरणारी आणली. पहिल्याच आठवड्यात तिने हौसेने इस्त्री हातात घेतली आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या पाठीवर भला मोठा तपकिरी नकाशा काढून ठेवला. मी कपाळाला हात लावला. हे मात्र हसत सुटले. "अगं, बाई आहे ती, काहीतरी काढून दाखवणारच," म्हणाले. तेव्हापासून सासरा आणि सून एका पक्षात, आणि मी एकटी विरोधी पक्षात. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते उगीच नाही.

तिची शाळा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सरकारी शाळा, चौथीचा वर्ग. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत. आज साबणाची वडी, उद्या कंगवा, परवा नेलकटर. जुने टॉवेल तर एकेक करून सगळेच गेले. शेवटी मी विचारलंच, "काय गं, साबण खातेस का तू?"

"वर्गाला लागतो, आई."

"वर्ग आहे का न्हाणीघर?"

"थोडं थोडं," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. उत्तर द्यायचं आणि थांबायचं नाही, ही तिची रीत. अहो, भांडायला तरी माणूस समोर लागतं की नाही?

एका सकाळी ती चष्मा विसरून गेली आणि मला निमित्त मिळालं. शाळा भरायला अजून बराच वेळ होता, पण तिच्या वर्गाचं दार उघडं. कोपऱ्यात बादली, मग आणि आमची साबणाची वडी. भिंतीला आरसा, आणि तो आरसा आमच्या जिन्यातला! मी आठवडाभर शोधत होते. एक मुलगा खसाखसा तोंड धूत होता. दोघी-तिघी खिडकीपाशी वह्या उघडून बसल्या होत्या. एक जण बाकावर डोकं टेकून खुशाल घोरत होता. आणि आमच्या बाईसाहेब एका मुलीची वेणी घालत बसल्या होत्या. टेबलावर बिस्किटांचा डबा उघडाच.

"घरचा अभ्यास शाळेत करतात होय?" मी म्हटलं.

"घरी दिवा नसेल, टेकायला जागा नसेल, तर तो घरी कसा होईल? जिथे जमेल तिथे करावा."

"आणि तो घोरतोय त्याला तरी उठव."

"घंटा झाली की उठवीन. रात्री झोप झालेली नाही त्याची."

मी तिचा चष्मा ठेवला आणि आले. आरसा मात्र मागायचा राहून गेला.

त्या संध्याकाळी चादरींच्या घड्या घालता घालता मी तिला खोदून खोदून विचारलं. तिच्या वर्गात "उशीर का झाला" हा प्रश्न नाही. मूल आलं की "ये, आपण या पानावर आहोत" एवढंच. "घरून आणा" हे शब्द नाहीत. चित्रकलेला लागतील ती पानं, काड्या, खडे शाळेच्या आवारातूनच गोळा करायचे. "माझं घर" हा निबंध तिने काढून टाकलाय, त्याऐवजी "मला आवडणारी जागा". आणि सकाळी लवकर येईल त्याला फळा पुसायचा मान. या मानापायी किराणा दुकानदाराचा गुबगुबीत मुलगासुद्धा भल्या सकाळी धावत येतो, त्यामुळे कोण फळ्यासाठी आलंय आणि कोण बिस्किटासाठी, हे कुणालाच कळत नाही.

"एवढी लपवाछपवी कशाला?" मी म्हटलं. "द्यायचं तर सरळ द्यावं की."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, आई."

"मुठीत काही असेल तर ना!"

"नसेल तर जास्तच झाकायची." मग चादरीचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "मी सहावीत असताना मला फुकट पुस्तकं मिळाली होती. सगळ्या शाळेसमोर नाव पुकारलं, हात धरून उभं केलं, टाळ्या वाजवल्या. त्या पुस्तकांना मी वर्षभर हात लावला नाही."

"मग पास कशी झालीस?"

"मैत्रिणीची वाचून."

मी "वेडी आहेस" म्हटलं, पण हळूच म्हटलं.

मग आली ती शुक्रवारची सोडत. शुक्रवारी शेवटच्या तासाला तिचा वर्ग शाळेमागच्या वाफ्यांत मातीकाम करतो. युनिफॉर्म खराब होऊ नये म्हणून त्या तासाला जुने कपडे घालायचे. ते कुठले? माझे! म्हणजे लाँड्रीतले. लोक कपडे टाकून जातात आणि वर्षानुवर्षं न्यायला येत नाहीत. उद्या कुणी आलंच तर, म्हणून मी त्यांचं एक मोठं गाठोडं जपून ठेवलं होतं. ते हिने एक दिवस पाठीवर मारलं आणि नेलं. अख्खा वर्ग मोठ्या माणसांच्या शर्टांत, बाह्या दुमडून, गुडघ्यापर्यंत झोळ सोडून माती उकरतोय, हे दृश्य बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची.

मातीकाम झालं की सोडत. एका डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. बाई डोळे मिटून पाच काढणार. ज्यांचं नाव निघेल त्यांचे युनिफॉर्म बाईंच्या लाँड्रीत जाणार आणि सोमवारी सकाळी धुऊन, इस्त्री होऊन परत येणार. ती पाच मुलं त्या ढगळ शर्टांतच ऐटीत घरी जायची. नाव निघालं की पोरं नाचायची, न निघालं की रुसायची. ज्यांच्या घरी धुवायला माणसं होती त्यांनाही वाटायचं, आपलं निघावं.

पोरांना वाटायचं नशिबाचा खेळ. नशीब कसलं! ज्यांना गरज त्यांच्या चिठ्ठ्यांची ही चौकोनी घडी घालायची आणि बाकीच्यांच्या गुंडाळायची. मग डोळे मिटले तरी बोटांना कळतंच. तीन चौकोनी, दोन गुंडाळलेल्या, म्हणजे संशय नको.

"अगं, ही तर शुद्ध लबाडी!" मी म्हटलं.

"हो, आई."

"पोरांना खरं बोलायला शिकवतेस ना तू?"

"शिकवते की. सोमवार ते गुरुवार."

आता सांगा, या बाईशी भांडायचं कसं?

त्या चौकोनी चिठ्ठ्यांमधली एक मुलगी म्हणजे भिंगरी. हे नाव मी ठेवलेलं, कारण ती एका जागी कधी उभी राहायचीच नाही. शुक्रवारी कपड्यांची टोपली दुकानात पोचवायला ती सूनबाईबरोबर यायची आणि प्रश्न विचारून माझा जीव खायची. ही खूण कुणाची, ती कुणाची, शाई कशाची, डाग पडला तर काय. दोन-तीन खेपांत तिला निम्म्या गिऱ्हाइकांच्या खुणा पाठ झाल्या.

"आजी, माझी खूण कुठली?" तिने एकदा विचारलं.

मी सूनबाईकडे बघितलं. सूनबाई टोपलीत काहीतरी शोधायला लागली. तिने मला आधीच शपथ घालून सांगून ठेवलं होतं. भिंगरीचा बाप रंगारी. शिडीवरून पडला, पाय मोडला, काम गेलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं मग राहती खोलीही गेली. आई इमारतींचे जिने पुसायला जाते. आई, बाप, ही आणि हिचा चिमुकला भाऊ, सगळी जण बस स्टँडच्या मागे एका बंद पडलेल्या शेडमध्ये झोपतात. जागा बदलली की शाळा बदलायची, असं करत करत पोरीची ही तिसरी शाळा, आणि आता कुठे ती घडाघडा वाचायला लागली होती. आईने तिला बजावलं होतं, कुणाला कळता कामा नये. कळलं तर लोक येतील, तुम्हा मुलांना आमच्यापासून तोडून नेतील, त्याआधी आपणच गाव सोडू. म्हणून सूनबाईचा एकच ध्यास होता की वर्ष संपेपर्यंत ही मुलगी याच वर्गात टिकली पाहिजे. "आता हलली तर ती पुन्हा शाळेत बसायची नाही, आई," असं ती मला म्हणाली होती, आणि तिचा आवाज तेव्हा बाईचा राहिला नव्हता.

घरच नाही तर खूण कुठली घालू? मी स्कर्टचा पट्टा उलटा केला आणि त्रिकोणात टिंब काढून मोकळी झाले. "ही घे."

भिंगरीने निरखून बघितलं. "ही तर तुमची आहे."

"मग? आमच्या घरात कपडे थोडेच आहेत. तुझे मावतील."

"धुतल्यावर जाईल का?"

"स्कर्ट जाईल, खूण जायची नाही."

त्यावर ती एवढी खूश झाली की जाताना उंबऱ्याला अडखळली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या ह्यांना माया आली. शपथ मला घातली होती, ह्यांना नाही. पण हे टेबलामागे उभे असतात आणि कानांवर काही झाकण नसतं. एका शनिवारी हे दुपारी जेवायला वर येईनात. सूनबाई माहेरी गेली होती. मी खाली जाऊन बघते तर हे भिंगरीचा स्कर्ट घेऊन बसलेले. त्याला खळ घातलेली, तीही साधीसुधी नाही, बड्या लोकांच्या कोटाखालच्या शर्टांना घालतात तशी दाट. चुणी न् चुणी मोजून मापून दाबलेली. शर्टाला नवी बटणं लावलेली, कॉलर उलटवून शिवलेली, वर अत्तराच्या पाण्याचा शिडकावा. बाकीच्या चौघांचे कपडे शेजारी नेहमीसारखे, साधी इस्त्री मारलेले.

"अहो, तिच्या एकटीच्याच कपड्यांना?" मी म्हटलं.

"असू दे गं. पोर आहे बिचारी."

काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं इस्त्री धरलेला हात आहे तो. सोमवारी सकाळी हे स्वतः टोपली घेऊन शाळेत गेले आणि मिशीतल्या मिशीत हसत परत आले.

दुपारी सूनबाई घरी आली ती पाय ओढत. तिने सांगितलं ते असं. भिंगरीने कपडे घातले आणि वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. हिलाच का नवी बटणं? हिच्याच स्कर्टला का खळ? हिलाच का वास? तेव्हा दूधवाल्याचा मुलगा, जो सकाळी बापाबरोबर दूध टाकायला स्टँडवरून जातो, तो सहज बोलून गेला, "तिला घर नाहीये ना, म्हणून. ती स्टँडच्या मागे झोपते. मी बघितलंय." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! वाईट नव्हतं त्याच्या मनात. प्रश्न विचारला म्हणून उत्तर दिलं, एवढंच. पण भिंगरीने दप्तर उचललं आणि ती निघून गेली. सूनबाई फाटकापर्यंत धावली. पण भिंगरीच ती, हाताला थोडीच लागणार?

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सूनबाई ह्यांच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाबा, इस्त्री फार सुंदर झाली होती." झालं! हे थंड इस्त्रीसमोर बसून राहिले, चहाला हात लावेनात. मग मीच तोंड सोडलं. "अति तिथे माती! करायला गेलात गणपती आणि झाला मारुती! पाच जणांत एकीला नवरीसारखी सजवून पाठवलीत आणि वर मिशीत हसलात!" नवऱ्याला गप्प बसलेलं बघवत नाही मला, म्हणून ओरडले. बाकी काही नाही.

सूनबाई म्हणाली, "मी तिच्याकडे चाललेय. बाबा, तुम्हीही चला."

"काही घेऊन जाऊ या का? फळं वगैरे?" मी विचारलं.

"रिकाम्या हाताने चला, आई. काही नेलं की पुन्हा तेच होईल."

ऊन उतरताना आम्ही तिघं स्टँडच्या मागे पोचलो. शेड म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजूंनी भिंत. आत जमीन झाडून लख्ख केलेली. भिंगरीचा बाप पायाला प्लास्टर घेऊन भिंतीला टेकला होता, त्याच्या मांडीवर धाकटा झोपलेला. आई गाठोडं बांधत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले.

"उद्या भावाकडे चाललोय," ती लगेच म्हणाली. "गाव सोडून."

आणि बाहेर नळापाशी भिंगरी तो स्कर्ट दगडावर घासत होती. ह्यांनी घातलेल्या त्या चुण्या दोन्ही हातांनी चोळत होती, पिळत होती, पुन्हा चोळत होती. आमचे हे ते बघत उभे राहिले. मला वाटलं आता हे रडतात की काय. पण नाही. गुडघे धरत धरत ते तिच्यासमोर खाली बसले.

"थंड पाण्याने जायची नाही ती खळ. गरम पाणी लागतं."

"किती घासलं तरी जात नाही," ती वर न बघता म्हणाली.

"कशी जाईल? मी घातलीय."

"का घातलीत?"

ह्यांनी डोकं खाजवलं. "चुकलो."

"सगळ्यांना का नाही घातलीत?"

"चुकलो म्हटलं ना, बाई. आता काय शिक्षा द्यायची ती दे."

भिंगरीने पहिल्यांदा वर बघितलं, ह्यांच्याकडे नाही, सूनबाईकडे. सूनबाईने फक्त भुवया उचलल्या. "ज्याने बिघडवलं त्यानेच नीट करायचं," भिंगरी म्हणाली. "वर्गाचा नियम आहे."

"बरं. कसं करू नीट?"

"सगळ्यांना खळ घाला. सारखी."

"अख्ख्या वर्गाला?"

"अख्ख्या. बाईंना पण."

"बसलं माझं दुकान!" मी ओरडले, आणि भिंतीला टेकलेला तो रंगारी इतका खदखदून हसला की मांडीवरचं पोर जागं झालं.

सूनबाई भिंगरीच्या आईजवळ जाऊन बसली. आईने एवढंच विचारलं, "तुम्ही कुणाला सांगणार आहात का?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही नाही," सूनबाई म्हणाली. "मला फक्त एक सांगा. ही रोज शाळेत यायची असेल तर काय लागेल?"

हा प्रश्न तिला बहुतेक कुणी विचारलाच नव्हता. तिने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली की मी पहाटे कामाला जाते तेव्हा हिला सोडायला जागा नसते. आणि दुसरं म्हणजे गाठोडं. ते राखायला कुणीतरी थांबावं लागतं. हिच्या बाबांना डॉक्टरकडे जायचं असलं की हिलाच थांबवते, मग शाळा बुडते.

"वर्ग मी लवकर उघडतेच," सूनबाई म्हणाली. "आणखी लवकर उघडीन. आणि गाठोडं..." इथे तिने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "लाँड्रीत गाठोड्याला कोण विचारतो? पन्नास गाठोड्यांत एक. सकाळी ठेवा, संध्याकाळी न्या."

भिंगरीची आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "बघते," एवढंच. ह्यांनी तो ओला स्कर्ट मागितला, पण भिंगरीने दिला नाही, पाठीमागे धरला. तसेच परत आलो.

त्या शुक्रवारी सूनबाईने वर्गासमोर चिठ्ठ्यांचा डबा उलटा करून दाखवला. डबा रिकामा. "या वेळी सगळ्यांचं नाव निघालंय," ती म्हणाली. दूधवाल्याच्या मुलाला तिने आधीच बाजूला घेतलं होतं. रागावली नव्हती. "तू बोललास ते खरं होतं, पण ते खरं तुझं नव्हतं, तिचं होतं," असं म्हणाली होती. पोरगा दोन दिवस खाली मान घालून फिरत होता.

शनिवार-रविवार आमच्या घरात युद्ध पेटलं होतं. ट्रकवाला मुलगा नेमका सुट्टीवर आला होता, त्याला टबापाशी उभा केला. हे खळ शिजवतायत, मी पिळतेय, सूनबाई दोऱ्यांवर टाकतेय. गिऱ्हाइकं काउंटरवर हात आपटत होती. मी त्यांना म्हटलं, शाळेचं काम आहे, घाई असेल तर आत या आणि लागा पिळायला. एक-दोघं आलेही. हेडमास्तरांना कुठून सुगावा लागला कोण जाणे, रविवारी संध्याकाळी ते आपला शर्ट घेऊन हजर. "वर्गात सारखेपणा हवा," म्हणाले.

सोमवारी मीही शाळेत गेले. काय तो वर्ग! सगळी पोरं ताठ, पुठ्ठ्याची करून बसवल्यासारखी. कुणी हात हलवला की कर्र वाजायचं. दूधवाल्याच्या मुलाला तर पाय दुमडता येईना, तो बाकावर पाय लांब करून बसला होता. सूनबाईची ओढणी खांद्यावर फळीसारखी उभी. हे दारात, पिशवीत खळीची बाटली आणि इस्त्री घेऊन. "कशाला आणली?" मी विचारलं, तर म्हणाले, "असू दे, लागली तर."

फक्त भिंगरीची जागा रिकामी होती. सूनबाईने हजेरी घ्यायला सुरुवात केली. एवढी हळू हजेरी मी जन्मात ऐकली नव्हती. एकेक नाव घ्यायची, चष्मा पुसायची, दाराकडे बघायची. शेवटी भिंगरीचं नाव आलं. सूनबाईने ते पुन्हा घेतलं, आणि तिचा आवाज फाटला. मला वाटलं, गेली पोर.

"हजर!" बाहेरून आवाज आला, आणि पाठोपाठ धापा टाकत भिंगरी. स्कर्ट धुऊन धुऊन लिबलिबीत झालेला, एक चुणी शिल्लक नाही. दारातच थबकली. वर्गाकडे बघितलं, बाईंच्या ओढणीकडे बघितलं, पाय लांब केलेल्या त्या मुलाकडे बघितलं. तो मुलगा मान देऊन उभा राहायला गेला आणि एवढं मोठं कर्र झालं की ती खो खो हसायला लागली. मग तिच्याबरोबर सगळा वर्ग.

"आजोबा, हिचाच राहिला की!" तो दूधवाल्याचा मुलगा ओरडला.

"माझाच का राहिला?" भिंगरीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

इस्त्री लागली ती अशी. भिंगरी मातीकामाचा ढगळ शर्ट घालून पहिल्या बाकावर बसली आणि ह्यांनी बाईंच्या टेबलावर सगळ्यांसमोर तिच्या स्कर्टला खळ शिंपडून इस्त्री मारली. पोरं भोवती जमून चुका काढत होती. मी तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळले. मला खळीच्या वाफेचा त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे शटर उघडलं तर भिंगरीची आई गाठोडं घेऊन उभी. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तेवढं मी आमच्या सुनेकडून शिकले होते. गाठोडं फळीवर गेलं आणि पुढे रोज जात राहिलं. वर्ष संपलं, भिंगरी पाचवीत गेली, त्याच शाळेत. प्लास्टर निघालं, रंगारी पुन्हा कामाला लागला. सूनबाईने तिच्या आईला विचारून, तिला सोबत घेऊन, कुठकुठल्या कार्यालयांचे उंबरे झिजवले आणि शेवटी त्यांना सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली मिळाली. खोलीला रंग कुणी दिला ते सांगायला नको.

परवा भिंगरी आली ती दोन हातांत न मावणारं गाठोडं घेऊन. चादरी, उशांचे अभ्रे, बापाचे शर्ट. काउंटरवर टाकून म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."

"या, गिऱ्हाईक." मी शाईची बाटली उघडली. "नवीन घर, नवीन खूण. बोला, काय काढू? चौकोन? फूल?"

ती एका जागी उभी. मी इतके दिवस बघतेय, एका जागी उभी राहिलेली भिंगरी मी प्रथमच बघितली.

"आजी, जुनीच राहू दे ना."

"अगं, ती आमच्या घराची आहे. दोन घरांची एक खूण झाली तर कपडे एकमेकांत मिसळतील."

"मिसळू देत की," ती म्हणाली. "तेव्हा मावले होते ना?"

माझ्या डोळ्यांना धार लागली, वाफ नव्हती तरी लागली. सूनबाई जिन्यात वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा लाल पेन थांबला होता. मी पहिली चादर ओढली आणि कोपऱ्यात त्रिकोण काढला. आत टिंब दिलं.

तेवढ्यात टेबलामागून आमच्या ह्यांचा आवाज आला, घाबरत घाबरत, "खळ... घालू का?"

भिंगरीने टाचा उंचावून काउंटरवरून आत बघितलं.

"घाला, आजोबा," म्हणाली. "चांगली कडक घाला."